बारावी पट्टी

१

शाळेची बस उद्यानाच्या फाटकात थांबली की पहिली पंधरा मिनिटं मुलांना काहीएक शिकवू नये, असं माझं सतरा वर्षांच्या अनुभवानंतरचं ठाम मत आहे. आधी त्यांना ओरडू द्यावं, एकमेकांच्या टोप्या फेकू द्याव्यात, डबा आत्ताच खायचा का हे चारचारदा विचारू द्यावं. मग भिंगं वाटायची आणि किडे शोधायला लावायचं. ओढ्यात काड्यांच्या होड्या सोडायच्या. अनवाणी वाटेवरून चालवायचं: आधी वाळू, मग वाळकी पानं, मग गोटे आणि शेवटी चिखल. चिखल आला की बरोबरच्या शिक्षिका नाक मुरडतात आणि मुलं कायमची माझी होतात. मुलं मला रानताई म्हणतात. बिल्ल्यावर तेच लिहिलंय. खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुठे नाही.

सगळ्यात शेवटी झाडभेट. मुलांच्या जोड्या लावायच्या. एकाने डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायची, दुसऱ्याने त्याचा हात धरून वेड्यावाकड्या वाटेने एखाद्या झाडापाशी न्यायचं. पट्टीवाल्याने ते झाड हातांनी बघायचं. साल, भेगा, गाठी, मुळं, सगळं. खोडाला कान लावून ऐकायचं. मग त्याला परत आणायचं, तीनदा गरगर फिरवायचं, पट्टी सोडायची आणि म्हणायचं, शोध आता तुझं झाड. आणि मुलं शोधतात! शंभरातली नव्वद शोधतात. शोधलं की त्या झाडाला अशी मिठी मारतात की बघणाऱ्याला वाटावं, मामाकडे आलीत.

पट्ट्या बारा आहेत. जुन्या चादरी फाडून मीच शिवल्या, त्यामुळे रंगाचा काही धरबंध नाही. बारा जोड्या, बारा पट्ट्या. सकाळी कोठीत मोजून पिशवीत भरायच्या, संध्याकाळी मोजून दोरीवर वाळत घालायच्या.

त्या मंगळवारी एका चष्मेवाल्या मुलाला त्याचं झाड सापडेना. वीस मिनिटं तो मैदानभर फिरला. बाकीचे डबे उघडून बसले तरी हा आपला प्रत्येक झाडाला हात लावतोय.

"नाही सापडत, रानताई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "माझ्या झाडाला फडकं बांधलेलं होतं."

"कसलं फडकं?"

"कपाळाला लागलं माझ्या. आधी वाटलं पान असेल. मग हात लावला तर कापड. खोडावर एक खुंट होता ना, तोडलेल्या फांदीचा, त्याला बांधलेलं."

त्याची जोडीदारीण तोंडात घास घेऊनच उठली. "खोटारडा! मी याला त्या झाडाकडे नेलं होतं. त्या तिकडच्या. त्याला कुठंय फडकं?"

ती दाखवत होती ते झाड साधं, सडसडीत होतं. खोडावर खुंट नव्हता.

"वाऱ्याने कुणाचा तरी रुमाल येऊन अडकला असेल," मी हसून म्हटलं, आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली. रोजच्या वहीत लिहिलं: झाडभेट, एक मूल वगळता सर्व यशस्वी. त्या दिवशी वारा नव्हता, हे मला घरी जाताना बसमध्ये आठवलं.

२

मी भाबडी नाही. मुलांबरोबर सतरा वर्षं काढल्यावर माणूस भाबडं राहूच शकत नाही. डोळे झाकले की मन वाटेल ते भरून काढतं. कुणाला साप लागतो, कुणाला भिंत लागते, एकीला तर मागे तिची दिवंगत मांजर लागली होती. पट्टीचं टोक कपाळावर लोंबलं असेल आणि तेच त्याने चाचपलं असेल. मी स्वतःची अशी समजूत घातली आणि ती चांगली तीन दिवस टिकली.

शुक्रवारी दुसरी शाळा आली. या शाळेचा त्या शाळेशी काही संबंध नव्हता. गावही वेगळं, बसही वेगळ्या वाटेने येणारी. पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी झाडाकडून परत आली आणि पट्टी सोडायच्या आतच म्हणाली, "मला लगेच सापडेल. माझ्या झाडाला कापड बांधलंय."

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठल्या रंगाचं गं?"

"रंग कसा कळणार? डोळ्यांवर पट्टी होती ना!" रानताईला एवढंही कळत नाही म्हणून ती खदखदून हसली. मग म्हणाली, "पण गाठ कळली. सैल होती. एक टोक ओढलं असतं ना, तर सुटूनच आलं असतं. मी नाही ओढलं. दुसऱ्याची वस्तू."

तिलाही झाड सापडलं नाही.

बस गेल्यावर मी मैदानात परत गेले. दुपारचे तीन वाजले होते, लख्ख ऊन होतं. या मैदानात एकेचाळीस झाडं आहेत आणि मला ती तोंडपाठ आहेत. मी प्रत्येकापाशी गुडघ्यांवर बसले, लहान मुलाच्या कपाळाच्या उंचीवर हात ठेवला आणि खोडाभोवती फिरवला. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईला वेड लागलं. एकेचाळीस झाडं झाली. कापड नाही, सुतळी नाही, रुमालही नाही.

एकच जागा राहिली. ओढ्याच्या बाजूला, जिथे आता फक्त गवत आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे बेचाळिसावं झाड होतं, मैदानातलं सगळ्यात जाड. ते कापलं, मग बुंधाही खणून काढला आणि खड्डा माती टाकून बुजवला. जिथे काही नाही तिथे हात लावून बघायला काहीतरी कारण लागतं. माझ्याकडे कारण होतं, म्हणूनच मी हात लावला नाही.

३

सांगूनच टाकते.

आमच्या उद्यानात झाडांची निगा माझे भाऊजी राखायचे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. दोर बांधून झाडावर चढायचं, वाळक्या फांद्या छाटायच्या, पोकळ खोडं ठोकून बघायची, हे त्यांचं काम. मला ही नोकरी त्यांनीच सांगितली आणि झाडं ओळखायलाही त्यांनीच शिकवलं. एखाद्या झाडाची फांदी धोक्याची वाटली की ते त्याला लाल फडकं बांधायचे. फडकं दिसलं की त्या झाडाखाली कुणी थांबायचं नाही, मुलांना तर न्यायचंच नाही. एवढा एकच नियम.

गाठ त्यांची स्वतःची होती, एका ओढीत सुटणारी. झाडावर एक हात कायम दोराला असतो, दुसऱ्या हाताने सुटेल अशीच गाठ मारायची, असं ते म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी एका पोराने होडीच्या नादात पट्टी ओढ्यात सोडली. अकरा उरल्या. जोड्या बारा. एक जोडी तोंड पाडून उभी, शिक्षिका घड्याळ बघतायत, बस खोळंबलेली. मी इकडे तिकडे पाहिलं. मैदानाच्या कडेला त्या बेचाळिसाव्या, जाड झाडाच्या खुंटाला लाल फडकं होतं. छान लांब, स्वच्छ. भाऊजींनी गुरुवारी बांधलं असणार. सोमवारी त्यांची माणसं येऊन फांदी उतरवणार. जे झाड साठ वर्षं उभं आहे ते अजून तासभर उभं राहील, असं मी स्वतःला म्हटलं. खेळ झाला की परत बांधू.

मी टोक ओढलं. एका ओढीत सुटलं.

दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती. तिला म्हटलं, डोळे मीट आधी, आणि ते फडकं तिच्या डोळ्यांवर बांधलं. तिच्या जोडीदारणीने तिला कुठे न्यावं? सगळ्यात जाड झाडाकडे. का नेऊ नये? खूण तर नव्हतीच.

मी सगळ्या जोड्यांकडे एकेक चक्कर मारत होते. तिच्यापाशी आले तेव्हा तिने खोडाला कान लावला होता. माझी चाहूल लागताच म्हणाली, "रानताई, आत कुणीतरी बोटं मोडतंय."

इतकी वर्षं मुलांनी मला काय काय ऐकवलं होतं. समुद्र, पोटातली गुरगुर, दूरची आगगाडी. बोटं मोडणं कुणी ऐकलं नव्हतं. मला तिचं फार कौतुक वाटलं. मी म्हटलं, "ऐक, अजून नीट ऐक."

मी विसरले नव्हते. लोक म्हणतात, भरात विसरायला होतं. मला आठवत होतं, ते झाड कुठलं, फडकं कुणाचं. फक्त ते आठवणं मागच्या रांगेत बसलं होतं आणि मी त्याला पुढे बोलावलं नाही. चार पावलं गेले असेन, मागे फांदी आली.

मुलगी वाचली. पाच महिने दवाखान्यात होती. अजून पाय ओढत चालते म्हणे. फांदीखालून तिला ओढून काढताना तिच्या डोळ्यांवरचं फडकं मीच सोडलं आणि माझ्या झोळीत टाकलं. कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे रक्ताकडे बघत होते.

चौकशीला तिघं जण बसले होते. टेबलावर पाण्याचा जग होता. त्यांनी विचारलं, झाडाला धोक्याची खूण होती का? मी म्हटलं, माझ्या पाहण्यात आली नाही. भाऊजी शपथेवर सांगत होते की फडकं त्यांनी गुरुवारी संध्याकाळी स्वतः बांधलं. मग गेलं कुठे फडकं, असं त्यांना विचारलं. त्यांना सांगता येईना. तीस वर्षांची नोकरी एका कागदावर संपली.

४

रविवारी मी आक्काकडे जाते. गेली तीन वर्षं एकही रविवार चुकवलेला नाही. लोकांना वाटतं किती माया.

भाऊजी आता एका गोदामात खोकी बांधतात. घरी असले की पलंगावर खिडकीकडे पाठ करून बसतात. खिडकीतून समोरच्या बंगल्याचं झाड दिसतं, आणि त्याची छाटणी कुणी अडाण्याने केलीय, ते त्यांना बघवत नाही. हातात मात्र काहीतरी लागतंच. सुतळी, बुटाची नाडी, आक्काच्या परकराची नाडी. गाठ मारायची, ओढायची, सोडायची. परत मारायची.

त्यांची धाकटी आठ वर्षांची आहे. दिवसभर काहीतरी इकडून तिकडे वाहून नेत असते, म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो.

"मावशी! येत्या गुरुवारी आमची सहल तुझ्या जंगलात!" ती दारातच माझ्या गळ्यात पडली. "मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय, रानताई माझी सख्खी मावशी आहे. बाई म्हणाल्या, मग झाडभेट तुलाच आधी."

मी आत येऊन बसले, आक्काने चहाचा कप हातात दिला. भाऊजींनी मान वर केली.

"त्या मैदानात?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"झाडं ठोकून घेतली का कुणी, यंदा?"

"घेतली असतील."

"असतील नको. बघ स्वतः." मग मुंगीकडे वळून म्हणाले, "फडकं दिसलं तर थांबायचं. काय?"

"माहितीये, बाबा," मुंगी म्हणाली. मग माझ्या कानाशी तोंड आणून, पण घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा म्हणतात त्यांनी बांधलं होतं. कुणीच ऐकत नाही. मी ऐकते."

आक्का ओट्याशी पाठमोरी उभी होती. भांडी घासता घासता ती थांबली. तिने मला फक्त एकदा विचारलं होतं, तीन वर्षांपूर्वी, याच ओट्यापाशी: तुला नाही ना गं दिसलं? मी नाही म्हटलं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. ती माझ्यावर विश्वास ठेवते आणि नवऱ्यावरही ठेवते, आणि या दोन्हींचा मेळ कसा घालते ते तिचं तिलाच ठाऊक.

त्या क्षणी सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. मग म्हटलं, "आक्का, साखर जरा कमीच झालीय हां," आणि सगळे हसले.

५

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, झाडभेट काही दिवस बंद ठेवू.

साहेब चांगले गृहस्थ आहेत, कामाला नवे आहेत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "का? शाळा तर तेवढ्यासाठीच येतात."

"मुलांना झाडं सापडत नाहीयेत."

"सापडत नाहीत म्हणून बंद?" ते हसले. "बाई, एखादं झाड धोक्याचं आहे का? तसं असेल तर कारण लिहून द्या, आज बंद करतो."

कारण लिहून द्या. त्यांनी कोरा कागदही पुढे सरकवला. मी त्या कागदाकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. शेवटी म्हटलं, "तसं नाही. जागा तेवढी बदलते." ते म्हणाले, बदला की, त्यात काय.

ओढ्यावर लाकडी पूल आहे. पलीकडे एक नवीन लावलेला पट्टा आहे, कोवळी झाडं, मनगटाएवढी जाड. फांदी पडलीच तर डोक्याला टेंगूळ येईल, त्याहून जास्त काही नाही. खेळ तिकडे न्यायचा मी निश्चय केला आणि जीव थोडा भांड्यात पडला.

घरी आले. कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली, तीन वर्षांपूर्वी घडी करून ठेवलेलं ते फडकं होतं. टाकून द्यायला पाहिजे होतं, जाळायला पाहिजे होतं, सगळं कळतं. पण टाकलं असतं तर ते कधी होतं हे मला एकटीलाच माहीत उरलं असतं, आणि मग मी स्वतःलाही पटवलं असतं की नव्हतं. तेवढी मी स्वतःला ओळखते.

कपाट उघडलं. लोकरीचे कपडे जागच्या जागी होते. खाली घडी नव्हती. फडकं वर होतं, कपाटाच्या आतल्या खुंटीला बांधलेलं. दोन टोकं खाली लोंबत होती, एक लांब, एक आखूड.

मी एकटी राहते. किल्ली माझ्याकडेच असते. गेल्या हिवाळ्यात शालीबरोबर मीच अडकवलं असेन, अर्धवट लक्षात, असं मी मोठ्याने म्हटलं. मोठ्याने म्हटलेलं जरा खरं वाटतं. कापड दमट होतं आणि त्याला सालीचा वास येत होता.

काढायला तर हवंच होतं. मी लांब टोक ओढलं. एका ओढीत सुटलं.

ते मी पत्र्याच्या डब्यात घातलं, डब्याला कुलूप लावलं, डबा माळ्यावर टाकला. कुलपाची किल्ली गळ्यात घातली.

६

गुरुवारी मुंगीच्या वर्गातली तेवीस मुलं आली. येणार चोवीस होती, एक तापाने घरी राहिली होती, आणि ती नेमकी मुंगीची जोडीदारीण होती.

सकाळपासून सगळं छान झालं. किड्यांच्या शोधात एकाने शिक्षिकेच्या पर्समध्ये गोगलगाय ठेवली. चिखलात मुंगी सगळ्यात पुढे. मी मनातल्या मनात प्रत्येक गोष्ट झाली की हुश्श करत होते. मग मुलांना पुलावरून पलीकडे नेलं. त्या पुलाच्या फळ्या सैल आहेत, प्रत्येक पावलाला वाजतात. तेवीस मुलं गेली तेव्हा वरात निघाल्यासारखा दणदणाट झाला. कोवळ्या झाडांचा पट्टा उन्हात उघडा पडला होता. लपण्यासारखं तिथे काही नव्हतं.

अकरा जोड्या लागल्या. मुंगी कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली. "माझी जोडीदारीण तू."

तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचा माझ्या हातांना धीर नव्हता. म्हणून म्हटलं, "बरं. मग आधी मला बांध." पोरांनी टाळ्या पिटल्या. रानताईची आंधळी कोशिंबीर!

मुंगीने पिशवीत हात घातला. "मावशी, अकराच होत्या. संपल्या."

"बारा असतात. सकाळी मी मोजल्यात."

"अकराच. थांब, आणते मी. तू डोळे मीट आधी."

ते शब्द माझे होते, पण ते दर आठवड्याला मी शंभर मुलांना म्हणते, कुणीही उचलेल. सगळा वर्ग बघत होता. मी डोळे मिटले. मुंगीची पावलं गवतातून लांब गेली, थांबली, परत आली. मी गुडघ्यांवर बसले. कापड डोळ्यांवर आलं आणि तिने डोक्यामागे गाठ मारली. कापड दमट होतं. कुणी तरी ओढ्यात बुडवली असेल पट्टी, मी म्हटलं. या वेळी मनातच.

तिचा हात धरून मी निघाले. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मी पावलं मोजत होते. तीस. चाळीस. पूल ओलांडला नाही. ओलांडला असता तर फळ्या वाजल्या असत्या, आणि फळ्या वाजल्या नाहीत. मुलांचे आवाज मात्र हळूहळू मागे राहिले. चेहऱ्यावरचं ऊन गेलं. कोवळ्या झाडांची एवढी सावली पडत नाही.

"आलं तुझं झाड," मुंगी म्हणाली. "बघ."

मी हात पुढे केले. मनगटाएवढं खोड शोधायला दोन्ही हात जवळ जवळ धरले होते. ते तसेच सालीवर टेकले. मग मी हात फाकवले, अजून फाकवले, पूर्ण पसरले, तरी कडा लागेना. साल जाड होती, भेगांत बोट जाईल एवढी. भेग ओळखीची होती. मी उजवा हात वर सरकवला, कारण मला माहीत होतं तिथे काय असणार.

खुंट होता. त्याला काही बांधलेलं नव्हतं.

"मावशी, ऐक ना. कान लाव."

मी कान लावला. का लावला? तिने सांगितलं म्हणून. मोठ्यांनी सांगितलं की मूल लावतं तसा. आत, खोलवर, कुणीतरी एकेक बोट सावकाश मोडत होतं.

"काय ऐकू येतंय?"

"मुंगे," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "तू कुठे उभी आहेस?"

"इथे काय. तुझ्या शेजारी."

वर पहिली मोठी कड्‌कड झाली.

त्या दिवशी जे केलं नाही ते मी केलं. आवाज आला तिकडे झेपावले, तिच्या अंगाला हात लागला, आणि जिवाच्या आकांताने तिला ढकलून दिलं. मग ओरडले, लांब व्हा, सगळे लांब व्हा! आणि पट्टी ओढली.

गवतावर सावली होती. एका जाड फांदीची, वाकड्या कोपरासारखी. मुंगी मघाशी उभी होती त्या जागेवर ती उतरत होती. मी वर पाहिलं. वर आभाळ होतं. खाली पाहिलं तर सावलीही नव्हती. दहा पावलांच्या आत एकही झाड नव्हतं, आणि माझे तळहात सालीने खरचटले होते.

७

मुंगी गवतात पडली होती. कोपर सोललं होतं. "तू मला ढकललंस!" ती रडत म्हणाली. दुखण्यापेक्षा अपमानच जास्त झाला होता.

शिक्षिका धावत आल्या. "काय झालं? काही पडलं का?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही पडलं."

इथेही निभावून नेता आलं असतं. खेळ होता, घाबरवायचा खेळ, म्हटलं असतं तर पोरांनी टाळ्या दिल्या असत्या आणि बस वेळेवर सुटली असती. वाक्य अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात मुंगीने रडणं थांबवलं. ती माझ्या हाताकडे बघत होती. मीही पाहिलं. माझ्या मुठीत लाल फडकं होतं. दुसऱ्या हाताने गळा चाचपला. डब्याची किल्ली गळ्यातच होती.

"हे कुठून आणलंस तू?" मी विचारलं.

"त्या झाडाला होतं." तिने मागे बोट केलं, मग बोट खाली घेतलं, कारण मागे काहीच नव्हतं. तिने दोन्हीकडे पाहिलं. "होतं इथे. खुंटाला बांधलेलं. एक पट्टी कमी पडली ना, म्हणून सोडलं. खेळ झाला की परत बांधणार होते मी. खरंच बांधणार होते."

"माहितीये गं," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "माहितीये."

"बाबांची गाठ होती. एका ओढीत सुटली." ती उठून बसली. शिक्षिका काहीतरी विचारत होत्या, ती त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. "मावशी, तेव्हा बाबांनी बांधलं होतं ना?"

चौकशीच्या टेबलापाशी तिघं होते आणि मला घाम फुटला नव्हता. इथे आठ वर्षांचं एक मूल होतं.

"बांधलं होतं," मी म्हटलं.

"मग सोडलं कुणी?"

"मी."

तिला उठवायला मी तिचा हात धरला होता, तो तिने काढून घेतला. ओढला वगैरे नाही. हळूच, सांभाळून काढला, दुसऱ्याची वस्तू परत ठेवावी तसा. मग ती शिक्षिकेचं बोट धरून पुलाकडे चालायला लागली आणि बाकीची मुलं गुपचूप तिच्या मागून गेली. फळ्या वाजल्या, मग वाजायच्या थांबल्या.

साहेबांचा कोरा कागद संध्याकाळी भरला. दोन पानं लागली. भाऊजींकडे मी स्वतः जाणार आहे. आक्का दार उघडेल की नाही ते माहीत नाही.

पण त्या दुपारी, मुलं गेल्यावर, मी तिथेच उभी राहिले होते. फडकं दोन्ही हातांत धरलं होतं. खेळ संपला होता, आता परत बांधायचं होतं. मी हात वर नेला, त्याच उंचीवर, आणि चाचपलं. बांधायला खुंट नव्हता.